जन्मजात हृदयदोषातील लयविकारांची शस्त्रक्रिया

जन्मजात दोष असलेल्या हृदयाचे ठोके बिघडल्यास, छाती उघडून बिघडलेला विद्युतमार्ग तोडण्याची किंवा गोठवण्याची शस्त्रक्रिया. बहुतेक वेळा ती स्वतंत्रपणे होत नाही. झडप किंवा छिद्राच्या दुरुस्तीबरोबरच उरकली जाते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सगळ्याच दोषांना सरसकट ‘हृदयाला छिद्र’ म्हणतात. पण शस्त्रक्रियेचे फळ काय मिळेल हे ठरते ते नेमका दोष कोणता, वय किती आणि पूर्वी कुठे काप घेतला यांवर.

लय बिघडण्यामागे बहुधा दोन गोष्टी असतात. दाब किंवा जादा रक्तामुळे कप्पा ताणला जातो, आणि जुन्या टाक्यांच्या वणाभोवती विद्युतलहर गोल फिरत राहते. अलिंदांमधील (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधील) छिद्र लहानपणी बुजवले, तर पुढे त्रास क्वचित होतो. चाळिशीनंतर नुसते छिद्र बुजवून अलिंदाची थरथर (अतिजलद, अनियमित कंप) थांबेलच असे नाही. अशा वेळी मेझ शस्त्रक्रिया, म्हणजे अलिंदात ठरावीक वणरेषा करून भरकटणारी लहर अडवणे, जोडतात. जेम्स कॉक्स यांनी ती १९८७ मध्ये अमेरिकेत प्रथम केली. मूळ पद्धतीत अलिंद कापून पुन्हा शिवत. आता बहुधा रेडिओफ्रिक्वेन्सी (रेडिओलहरींची उष्णता) किंवा अतिशीत प्रोब वापरतात. फक्त उजव्या अलिंदावर काम केले तर वेळ वाचतो, पण थरथर बरेचदा डाव्या बाजूच्या फुफ्फुसशिरांपाशी उगम पावते; म्हणून खरी थरथर असेल तर दोन्ही बाजूंचे काम टिकते. पहिल्या तीन महिन्यांत ठोके पुन्हा बिघडले तरी ते अपयश धरत नाहीत, कारण सूज उतरायची असते.

एब्स्टाइन विकृतीत उजव्या बाजूची त्रिदल झडप जन्मतः खाली सरकलेली असते. तिच्यालगत बरेचदा जादा विद्युतवाट असते, कधी एकाहून अधिक. कॅथेटरने (शिरेतून हृदयात नेलेल्या बारीक नळीने) ती जाळणे इथे अवघड जाते आणि वाट पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे झडप दुरुस्तीआधी विद्युत तपासणी करून वाटा शोधून ठेवाव्यात.

फॅलो चतुष्क (चार दोष एकत्र असलेला जन्मजात विकार) दुरुस्त झालेल्यांत धोका निलयाच्या, म्हणजे खालच्या कप्प्याच्या, वेगवान ठोक्यांचा. ईसीजीतील क्यूआरएस (निलयांतील विद्युतलहरीची खूण) १८० मिलिसेकंदांहून रुंद झाला की सावध व्हावे. फुफ्फुस झडप बदलल्याने उजव्या निलयावरचा ताण उतरतो, मात्र वणाभोवतीचे वर्तुळ आपोआप तुटत नाही. नवी झडप बसल्यावर कॅथेटरला त्या जागी पोहोचणे कठीण होते. म्हणून मार्ग तोडायचा तर झडपेआधी किंवा त्याच वेळी. एकच निलय कामाचे असलेल्या हृदयात अशुद्ध रक्त थेट फुफ्फुसांकडे वळवतात, ती फाँटान जोडणी. तिच्या जुन्या पद्धतीत उजवे अलिंद फुगते. तिथे जोडणी बदलून सोबत मेझ केल्यास वेगवान ठोके परतण्याचे प्रमाण खूप घटते. नंतर अनेकांना पेसमेकर लागतो. तो मोठ्या शस्त्रक्रियेचा भाग समजावा, फसगत नव्हे.

शस्त्रक्रियेमुळेही लय बिघडते. निलयांमधील छिद्राच्या कडेने बहुधा हिस जुडगा (अलिंदाकडून निलयांकडे विद्युतलहर नेणारे तंतू) जातो; टाका त्यावर पडला तर लहर पूर्ण अडू शकते, म्हणजे पूर्ण अवरोध येतो. सात ते दहा दिवस वाट पाहूनही वहन परतले नाही तर कायमचा पेसमेकर बसवतात. लहान मुलांत तार हृदयाच्या बाहेरून लावतात आणि यंत्र पोटाच्या भिंतीत ठेवतात. मूल वाढते तशी तार ताणली जाऊन तुटू शकते. तान्ह्या बाळांत शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन दिवसांत संधिस्थानातून (अलिंद व निलय यांच्या सांध्यातून) वेगवान ठोके सुटू शकतात. तेव्हा शरीर ३४-३५ अंशांपर्यंत थंड करणे, ॲड्रिनलिन कमी करणे, ॲमिओडॅरोन हे लय आवरणारे औषध देणे हे उपाय करतात.

सीमाभागात अडचण येते ती बहुधा कागदांची. लहानपणी ऑपरेशन बेंगळुरूला, पुढची तपासणी कोल्हापूरला, मधल्या गोळ्या तालुक्याच्या दवाखान्यातून. फाइलमध्ये बिले जपलेली असतात, ऑपरेशन नोट नसते. काप कुठे घेतला, ठिगळ कशाचे, रक्त वाहण्यासाठी नळी बसवली का, हे त्याच कागदावर असते. त्यावाचून पुढच्या शल्यविशारदाला वणाचा नकाशा नव्याने शोधावा लागतो. खर्चासाठी कर्नाटकाची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली. कोणत्या रुग्णालयात कोणती योजना चालते आणि ठरलेली शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहे का, हे भरतीआधीच विचारावे. रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिन गोळी चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे माप) नियमित तपासावा. अलिंदाच्या थरथरीत तो साधारण २ ते ३ ठेवतात.