‘तोंडानं कायले म्हनू?’: ख्रिस्ती मुखकबुलीची विदर्भातली पार्श्वभूमी

माझी आत्या मंगरूळपीर तालुक्यात राहते. कापूस वेचणीच्या दिवसांत तिच्या पायाला जखम झाली आणि ती काही केल्या भरेना, म्हणून मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, “मावशी, शुगर आहे का?” आत्या ठामपणे म्हणाली, “नाही.” तेव्हा तिच्या मांडीवरच्या पिशवीत शुगरच्या गोळ्यांची दोन पाकिटं होती. बाहेर आल्यावर मी चिडलो, तर म्हणाली, “मले मालूम हाये रे बापू. पन तोंडानं कायले म्हनू? म्हटलं की लागू होते.”

तिच्या लेखी हे खोटं बोलणं नव्हतं, तो विश्वास होता. रोज पहाटे ती मोबाईलवर एका प्रचारकाचा संदेश ऐकते. आजाराचं नाव घेऊ नका, ‘मी बरी झाले आहे’ असं मुखाने कबूल करा, जे बोलाल ते होईल, असं तो सांगतो. गावोगावच्या घरगुती प्रार्थनांमध्ये आता हीच भाषा कानावर पडते. कोणी ‘डोकं दुखतं’ म्हणालं, तर शेजारची बाई ‘येशूच्या नावात रद्द’ म्हणून मोकळी होते. हे सगळं आलं कुठून, याचा माग काढायला बसलं की वाट एकदम अमेरिकेला जात नाही. आधी ती आपल्याच उंबऱ्यावर थांबते.

घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते, हे ऐकत आपण सगळेच वाढलो, मग घर कोणत्याही धर्माचं असो. ‘शुभ बोल रे नाऱ्या’ ही म्हण त्याच भीतीतून आलेली. मंत्र टाकून विंचू उतरवणारा बाबा आजही चार गावांत एखादा सापडतो. उच्चारलेल्या शब्दाला अंगभूत जोर असतो, ही समजूत या मातीत मुरलेली आहे.

त्याच मातीत शब्दाकडे पाहण्याची आणखी एक रीत रुजली. तिची आठवण कमी काढली जाते, म्हणून इथे थोडं थांबतो. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभावांचं पवित्र स्थान. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं, त्यांना गाठून आठवणी गोळा केल्या. स्वामी नेमकं काय बोलले, कुठे बोलले, कोणाला उद्देशून बोलले, याची शहानिशा केली. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं. पुढे केशोबासांनी स्वामींची वचनं वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. म्हणजे मंत्र टाकणाऱ्याचा भर आपण काय उच्चारतो यावर, आणि रिद्धपूरकरांचा भर आपण काय ऐकलं यावर. ख्रिस्ती परंपरेतही हे दोन्ही ताण आहेत, आणि आत्याच्या ‘नाही’मागची भानगड त्यांच्याच ओढाताणीची आहे, असं मला वाटतं.

पवित्र शास्त्रात शब्दाचं सामर्थ्य पहिल्याच पानापासून आहे. ‘प्रकाश होवो’ असं देव बोलतो आणि प्रकाश होतो. इब्री भाषेत ‘दाबार’ म्हणजे शब्द, आणि ‘दाबार’ म्हणजे घडलेली गोष्टसुद्धा. योहानाच्या शुभवर्तमानाची सुरुवातच ‘प्रारंभी शब्द होता’ अशी आहे. कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अंमलदार, आजारी चाकरासाठी येशूला घरी येण्याची तसदी देत नाही, ‘शब्द मात्र बोला’ एवढंच म्हणतो. या प्रत्येक ठिकाणी बोलणारा कोण आहे, ते पाहावं. शताधिपती स्वतः काहीच जाहीर करत नाही. हुकूम कसा चालतो हे शिपाईगड्याला ठाऊक असतं, म्हणून तो दुसऱ्याच्या शब्दावर भिस्त ठेवतो.

माणसाच्या बोलण्याबद्दलही शास्त्रात भरपूर आहे. मरण आणि जीवन जिभेच्या हाती आहे, असं नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात आहे. जीभ म्हणजे रान पेटवणारी ठिणगी, असं याकोब लिहितो. डोंगराला ‘उपटून समुद्रात पड’ असं म्हणणाऱ्याबद्दलचं येशूचं वचन मार्काच्या अकराव्या अध्यायात आहे, आणि मुखाने कबूल करण्याची गोष्ट प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात. आत्याचा प्रचारक मुख्यतः या शेवटच्या दोन ठिकाणांवर उभा आहे.

‘कबूल’ हा शब्द मोठा मजेशीर आहे. अरबीतून आलेला, मूळ अर्थ स्वीकारणं. निकाहात ‘कबूल’, चौकीवर गुन्हा कबूल, आणि आमच्या बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांच्या प्रश्नाला ‘होय, कबूल आहे’. तिन्ही ठिकाणी समोरून काहीतरी आलेलं असतं आणि आपण त्याला होकार देतो. पौलाने वापरलेल्या ग्रीक क्रियापदाचा, ‘होमोलोगेओ’चा, शब्दशः अर्थही ‘तेच म्हणणं’ असाच आहे. म्हणजे दुसऱ्याने आधी म्हटलेलं. त्याच अध्यायात पुढे सतराव्या ओवीत पौल सांगतो की विश्वास वार्तेने, म्हणजे ऐकण्याने होतो. आधी कान, मग तोंड.

विदर्भात ख्रिस्ती धर्म आला तोही कानावाटेच. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला पोचले. शाळा काढली, बाजारात उभं राहून बोलले, आणि ऐकलंही खूप. गोंडांची गाणी आणि कथा त्यांनी टिपून ठेवल्या. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिलावर्तुळं आणि तिथली शाळा पाहून परतताना ते नाल्याच्या पुरात बुडाले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले, म्हणून लिंगोची गोंडी कथा कागदावर उरली. वऱ्हाडात पुढे मेथडिस्ट, फ्री मेथडिस्ट, अलायन्स, नाझरीन अशी मिशनं आली आणि जिल्हे वाटल्यासारखी स्थिरावली. कोण आधी, कोण नंतर, याच्या तपशिलात शिरत नाही.

१९०१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानातल्या शंभर बायकांत लिहिता-वाचता येणारी एकही धड भरत नव्हती. मिशनरी विल्यम कॅरींच्या सेरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्येच निघाला होता, पण वऱ्हाडातल्या वेचणाऱ्या-निंदणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? तिच्यापर्यंत शास्त्र नेलं ते बायबल वूमननी. ओसरीवर बसायचं, एक ओवी दहादा म्हणायची, समोरच्या बाईकडून दहादा म्हणवून घ्यायची. शब्बाथ शाळेत पोरांना ‘सुवर्ण वचन’ पाठ करायला लावायचं. माझ्या आजीला सही येत नव्हती, अंगठा लावायची. पण ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे तेविसावं स्तोत्र ती सूप पाखडता पाखडता अडखळल्याशिवाय म्हणायची. सुपाच्या ठेक्यावर ओळ तुटायची. ‘मला काही उणे’ म्हणून एक झटका, ‘पडणार नाही’ म्हणून दुसरा. त्या वर्षी घरात ज्वारी उणीच होती, आणि तेही ती शेजारणीला सरळ सांगायची. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने.

नारायण वामन टिळकांची गोष्टही बोललेल्या शब्दाचीच. नागपुरात ते आप्पासाहेब बुटींकडे ग्रंथांच्या कामावर होते. पुढे १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी गप्पा झाल्या. त्याने नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आजचा प्रचारक ही गोष्ट सांगेल तर भाकितावर थांबेल. टिळकांवर पकड बसली ती मात्र त्या पुस्तकातल्या डोंगरावरच्या प्रवचनाची, असंच सांगितलं जातं. त्यांची भजनं नंतर आमच्या उपासनेत आली आणि अक्षर न येणाऱ्यांच्याही तोंडी बसली.

आता वळण. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, काही अन्य भाषांत बोलू लागल्या. तिथल्या मिनी अब्राम्स यांनी त्यावर पुस्तिका लिहिली. ती चिलीतल्या एका मिशनरी जोडप्याच्या हाती पडली आणि तिथल्या पेंटेकॉस्टल, म्हणजे पवित्र आत्म्याच्या अशा अनुभवांवर भर देणाऱ्या, चळवळीला तिने हातभार लावला. पुणे जिल्ह्यातल्या एका खेड्यातून दक्षिण अमेरिकेत! इकडे नुसतं तिकडचंच येतं असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. त्याच रमाबाई साध्या बायकांना कळावं म्हणून मूळ भाषांवरून बायबलचं मराठी करत होत्या. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते पूर्ण छापून निघालं.

विश्वासाने आजार बरा होण्याची शिकवण वऱ्हाडाला मोबाईलने दिलेली नाही. अकोला-अमरावती भागात काम करणाऱ्या अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांना १८८१ मध्ये हृदयविकारातून बरं झाल्याचा अनुभव आला होता. तारणारा, पवित्र करणारा, बरा करणारा आणि पुन्हा येणारा राजा, अशी ख्रिस्ताची चार रूपं ते शिकवत. पण ‘बरा करणारा ख्रिस्त’ म्हणणं वेगळं आणि ‘माझं बोलणं बरं करतं’ म्हणणं वेगळं. ही दुसरी पायरी अमेरिकन प्रचारक एसेक विल्यम केन्यन (१८६७–१९४८) यांच्या लिखाणात स्पष्ट दिसते. त्यांनी १८९२ मध्ये बोस्टनच्या एका वक्तृत्व महाविद्यालयात शिक्षण घेतलं होतं. मनात धरलेला विचार वस्तुस्थिती बदलतो, असं मानणारी मंडळी तेव्हा तिथे जोरात होती. केन्यननी तिथूनच कल्पना उचलल्या, असं काही अभ्यासक म्हणतात. इतरांना त्यांची मुळं सिम्प्सनसारख्यांच्या शिकवणीत दिसतात.

केन्यनची वाक्यंच्या वाक्यं पुढे केनेथ हेगिन (१९१७–२००३) यांच्या पुस्तकांत आढळली. हेगिन टेक्सासचे. पोरवयात हृदयाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते. मार्क ११ वाचून, बरा झालो असं मुखाने म्हणून उठलो, अशी त्यांची साक्ष. १९७४ मध्ये त्यांनी ओक्लाहोमात ऱ्हेमा नावाची प्रशिक्षण शाळा काढली. ‘ऱ्हेमा’ म्हणजे ग्रीकमध्ये उच्चारलेला शब्द. लेखी शब्द, म्हणजे ‘लोगॉस’, निराळा आणि या क्षणी तोंडातून निघालेला सामर्थ्याचा शब्द, म्हणजे ‘ऱ्हेमा’, निराळा, अशी फोड ही मंडळी करतात. नव्या करारात हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात, त्यामुळे फोड फारशी टिकत नाही.

आणखी एक गंमत एका ‘नाही’ची आहे. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हातारा अब्राहाम येतो. त्याने आपल्या मेल्यासारख्या झालेल्या शरीराकडे पाहिलं नाही, असं १६११ च्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात आहे. आजाराकडे बघूच नका, याला तो आधार. पण जुन्या हस्तलिखितांत तो ‘नाही’च नाही. त्याने शरीराकडे पाहिलं आणि तरीही तो विश्वासात ढळला नाही. आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मंग त्याले बी दिसतच असंन ना.”

तसं पाहिलं तर पौलही लपवत नाही. आपल्या साथीदारांपैकी तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, त्रफिमाला आजारी म्हणून मिलेतात मागे ठेवल्याचं लिहितो, स्वतःच्या शरीरातला काटा निघाला नाही हेही सांगतो.

इकडे ही शिकवण आधी कॅसेटवर आली, १९९१ नंतर केबलवर आणि मग स्वस्त डेटावर. तिच्याबरोबर ‘पेरणी’ही आली. ओक्लाहोमाचेच प्रचारक ओरल रॉबर्ट्स यांनी १९७० च्या आसपास ही कल्पना गाजवली, की दान म्हणजे बी, पेरा म्हणजे पटीत उगवेल. कोरडवाहू कापूसवाल्याला हे सांगणं मोठं धाडसाचं. बोगस बियाणं आणि दुबार पेरणी त्याच्याइतकी कोणाला ठाऊक? तरी तो क्यूआर कोडवर पाचशे पाठवतो, कारण त्याच्याशी आशेने बोलणारं दुसरं कोणी नसतं. हे मी त्याला हसून लिहीत नाही.

जुन्या मिशनांनी प्रार्थना आणि औषध एकाच छपराखाली ठेवलं होतं. नागपूरचं म्युअर मेमोरियल, अचलपूरजवळ कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णालय, यवतमाळ जिल्ह्यातलं उमरी, आणि आमच्या वाशिमला १९३८ मध्ये सुरू झालेलं रेनॉल्ड्स मेमोरियल, जे डॉक्टर ऑर्फा स्पायकर यांनी उभं केलं. यवतमाळला १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी निघाली. तिथे पाळक घडत, मूळ भाषा शिकत. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. खेड्यातल्या तरुण पास्टरला जवळची शाळा मग मोबाईलची उरली, असं मला अनेकदा वाटतं.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचार रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा ठरलं आहे. आमच्या मंडळीत त्यावर बोलणं झालं तेव्हा वडीलधाऱ्यांनी याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय काढला. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलावावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं तिथे आहे. बोलावायचं म्हणजे काय? ‘मी आजारी आहे’ हे आधी सांगावंच लागतं की.

आत्या पुढच्या वेळी दवाखान्यात गेली तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “मावशी, शुगर?” ती क्षणभर गप्प बसली. मग तिने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं आणि रिपोर्टाचा घडी घातलेला कागद काढला, टेबलावर सरकवला आणि म्हणाली, “त्यात लिवलं हाये, साहेब. तुमीच वाचून घ्या.”