पार्श्वभूमी : बुकशेल्फ स्पीकरच्या सेन्सिटिव्हिटीचा आकडा इतका फसवा कसा झाला

पॅसिव्ह, म्हणजे वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालणाऱ्या, बुकशेल्फ स्पीकरची जोडी घ्यायची म्हटलं की शेवटी दोन-तीन मॉडेलं उरतात आणि गाडी डेसिबलवर येऊन अडते. एकाच्या कागदावर ८५, दुसऱ्याच्या ८८. ही सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिली तर एक मीटरवर आवाज किती मोठा येतो त्याचा आकडा. तीन डेसिबल म्हणजे वॅट दुप्पट, म्हणजे ८८ वाला निम्म्या वॅटमध्ये तेवढाच वाजणार, असा हिशेब करून माणूस ८८ वाला उचलतो. हा हिशेब पुष्कळदा चुकतो. त्यात घेणाऱ्याचा दोष नाही. आकडा ज्या पद्धतीने काढला जातो, ती पद्धतच मधल्या काळात बदलली.

फिरत्या कॉइलचा स्पीकर १९२५ च्या सुमाराचा, पण तिथपासून सुरुवात करायचं कारण नाही. घरातल्या लहान स्पीकरची गोष्ट १९५४ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू होते. तोवर खर्ज हवा असेल तर कपाटाएवढं खोकं घरात ठेवावं लागे. वूफरचा (खर्ज वाजवणाऱ्या भागाचा) कोन जागेवर परत आणायला कडक सस्पेन्शन वापरण्याऐवजी बंद खोक्यातल्या हवेलाच स्प्रिंगचं काम द्यायचं, अशी युक्ती एका संशोधकाने काढली आणि खोकं जेमतेम दोन फुटांवर आलं. पेटंट मिळालं, पुढे आव्हानात ते टिकलं नाही आणि युक्ती सगळ्यांची झाली. चार वर्षांनी, १९५८ मध्ये, स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. एका खोक्याच्या जागी दोन ठेवायची वेळ आल्यावर लहान आकार ही चैन न राहता गरज झाली.

या सोयीची किंमत मात्र तेव्हाही होती आणि आजही आहे. खोल खर्ज, लहान खोकं आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, यांतल्या दोनच गोष्टी एकावेळी मिळतात. पोर्टवाल्या (हवेला ये-जा करायला भोक ठेवलेल्या) खोक्याचं गणित १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलं गेलं, १९७१ मध्ये ते अमेरिकेत पुन्हा छापलं गेलं, तेव्हा कुठे जगाचं लक्ष तिकडे गेलं. त्याने खोकं आणि वूफर यांची जोडी जुळवणं सोपं केलं, पण ही मर्यादा त्यालाही ओलांडता आली नाही. म्हणून सहा इंची वूफरच्या लहान खोक्याच्या कागदावर ९० डेसिबल आणि ४० हर्ट्झपर्यंतचा खर्ज हे दोन्ही आकडे एकत्र दिसले, तर त्यातला एक तरी सढळ हाताने लिहिलेला आहे असं समजावं.

आता मूळ गुंतागुंत. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला मागे ४, ८ आणि १६ ओहमची वेगवेगळी टर्मिनलं असत; ओहम हे स्पीकरच्या विजेला होणाऱ्या रोधाचं माप. स्पीकर ज्या ओहमचा, त्या टर्मिनलला तो जोडायचा, की अ‍ॅम्प्लिफायर आपली ताकद जवळपास पूर्ण देई. त्या व्यवस्थेत ‘एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल’ हा प्रश्न अगदी रास्त होता. पुढे ट्रान्झिस्टर आले, ओहम जुळवून देणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला आणि अ‍ॅम्प्लिफायरचा स्वभावच बदलला. आवाजाचं बटण एका जागी ठेवलं की तो ठरलेला व्होल्टेज देतो. ओहम निम्मे केले तर करंट दुप्पट जातो, म्हणजे वॅटही दुप्पट. तेव्हा स्पीकरला एक वॅट देण्याऐवजी २.८३ व्होल्ट द्यावेत आणि मोजावं, अशी पद्धत रूढ झाली. २.८३ चा वर्ग आठ. आठ ओहमला तो बरोबर एक वॅट होतो, त्यामुळे जुने आकडे बदलावे लागले नाहीत.

चार ओहमला मात्र त्याच २.८३ व्होल्टचे दोन वॅट होतात. म्हणजे चार ओहमच्या स्पीकरला मोजमापातच तीन डेसिबल जास्त मिळाले. वर सांगितलेला ८८ वाला चार ओहमचा आणि ८५ वाला आठ ओहमचा असेल, तर वॅटमागे दोघेही सारखेच आहेत. फरक इतकाच, की पहिला अ‍ॅम्प्लिफायरकडून दुप्पट करंट ओढतो.

या बदलाची बाजू घेणाऱ्यांचं म्हणणं असं, की घरी कोणी वॅट मोजत बसत नाही; बटण आहे तिथेच ठेवून दोन स्पीकर आलटून पालटून लावले तर कोणता मोठा वाजेल, ते हा आकडा खरं सांगतो. तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. पण दुकानात नेमकी हीच तुलना होते, आणि मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी चांगला वाटतो. त्यामुळे ओहम खाली आणण्यात बनवणाऱ्याचा फायदा झाला आणि त्याचा भार घेणाऱ्याच्या अ‍ॅम्प्लिफायरवर पडला. निर्णय तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय होता, पण त्याच्याबरोबर वॅटमागचा आकडाही छापण्याची सक्ती व्हायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

उलट्या बाजूचं उदाहरणही आहे. ब्रिटनच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने सत्तरच्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाडीसाठी एक चिमुकला मॉनिटर (प्रक्षेपणाचा आवाज तपासायचा स्पीकर) बनवला, एलएस३/५ए. गाडीत मोठ्या स्पीकरला जागा नाही आणि हेडफोनवर समाधान होत नाही, ही अडचण होती. सुमारे एक फूट उंचीचं, पातळ बर्च प्लायचं बंद खोकं, त्यात पाच इंची वूफर, तोही बेक्सट्रीन या प्लॅस्टिकच्या कोनाचा, आणि ट्वीटरभोवती (वरचे स्वर वाजवणाऱ्या भागाभोवती) फेल्टच्या पट्ट्या. मूळ आवृत्ती १५ ओहमची. २.८३ व्होल्टला ती ८२-८३ डेसिबलच देते, म्हणून मंद स्पीकर अशी तिची ख्याती झाली. पण १५ ओहमला २.८३ व्होल्ट म्हणजे जेमतेम अर्धा वॅट. पूर्ण वॅट दिला तर हाच स्पीकर ८५ च्या पुढे जातो. अर्थात ट्रान्झिस्टरचा आठ ओहमला ५० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर १५ ओहमला २७ च्या आसपासच देतो, तेव्हा मंदपणाचा अनुभवही खोटा नाही. दोन्ही आकडे हाती असले तरच चित्र पूर्ण होतं.

ओहमचाही एकच आकडा नसतो. स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्याचा सर्वांत खालचा तळ छापील आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये. आठ ओहम लिहायचे तर ६.४ च्या खाली नाही. हे पाळलं जातंच असं नाही. ‘आठ ओहमच्या अ‍ॅम्प्लिफायरला चालेल’ अशा अर्थाची मोघम ओळ छापून सुटका करून घेतली जाते, आणि तळ साडेतीन ओहमवर असतो. अनेक पोर्टवाल्या स्पीकरांत हा तळ २०० हर्ट्झच्या आसपास येतो, म्हणजे नेमका गळ्याच्या खालच्या पट्टीपाशी. अशक्त अ‍ॅम्प्लिफायर तिथे धापा टाकतो आणि दोष स्पीकरवर येतो.

आपल्याकडे हा घोळ उशिरा पोचला. १९९१ पूर्वी आयात जवळपास बंद, म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत सुटे वूफर-ट्वीटर घ्यायचे आणि सुताराकडून खोकं करून घ्यायचं, ही रीत. ट्वीटरला एक कपॅसिटर लावला की क्रॉसओव्हर, म्हणजे खर्ज आणि वरचे स्वर वेगळे करणारा भाग, झाला. खोक्याचं आतलं घनफळ घरातल्या शोकेसच्या मापाने ठरायचं. त्या खोक्यांची सनमायका अजून चकचकीत आहे, पण वूफर आणि खोकं यांचं गणित त्यांत क्वचितच जुळलेलं असे. आपल्या पिढीच्या कानांना फुगलेला खर्ज गोड वाटतो, त्याचं मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे.

नव्वदच्या दशकात टू-इन-वन आणि डेकवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, आकडे आले. समोर १००० वॅट लिहिलेलं, आणि पाठीमागच्या पट्टीवर विजेचा वापर तीस वॅट. पीएमपीओला एकमान्य व्याख्याच नव्हती. अमेरिकेत व्यापार नियामकाने घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटच्या दाव्यांवर १९७४ मध्येच नियम आणला होता. आपल्याकडचा ग्राहक वीस वर्षांनंतरही उघडा होता. त्या आकड्यांवर वाढलेल्या माणसाला ८५ डेसिबल आणि ५० वॅट हे अपमानकारक वाटतात, हे दुकानात आजही दिसतं.

गेल्या दहा-बारा वर्षांत दोन गोष्टींनी चित्र बदललं. पहिली मोजमापाची. कॅनडातल्या सरकारी प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकात पडद्याआड स्पीकर ठेवून जे ऐकण्याचे प्रयोग झाले, त्यांतून दिसलं, की समोरून सपाट (सगळे स्वर सारख्याच जोराचे) आणि बाजूंना एकसारखा उतरत जाणारा आवाज बहुतेकांना आवडतो. त्या धाग्यावर अमेरिकेत २०१३ मध्ये मानक झालं : स्पीकरभोवती आडवं आणि उभं दर दहा अंशांवर मोजायचं, एकूण ७० मोजमापं. आता हौशी मंडळी आणि स्वतंत्र परीक्षक असे आलेख उघडपणे मांडतात, आणि सेन्सिटिव्हिटी व ओहमचा तळ दोन्ही त्यांत मिळतात. छापील ९० चे मोजून ८६-८७ भरलेले स्पीकर त्यात सापडतात. काही बनवणारे खोलीच्या भिंतींची मदत धरून तीनेक डेसिबल वाढवून लिहितात, हेही त्यातून लक्षात येतं. जोडी निवडताना मी आधी हा आलेख मागतो, कागदावरचा आकडा नंतर.

दुसरी गोष्ट क्लास-डी, म्हणजे वीज कमी वाया घालवणाऱ्या, अ‍ॅम्प्लिफायरची. तळहाताएवढी डबी, वर लिहिलेलं ‘३०० वॅट × २’, सोबत लॅपटॉपसारखा ३२ व्होल्ट, ५ अँपिअरचा अडॅप्टर. गुणाकार केला तर अडॅप्टरच मुळी १६० वॅटचा. तरीही ही डबी आठ ओहमच्या, ८६ डेसिबलच्या जोडीला दहा बाय बाराच्या खोलीत पुरेशी आहे. तीन ओहमच्या तळाचा स्पीकर तिला जोडण्यापूर्वी मात्र अडॅप्टरवरची ती बारीक ओळ वाचावी, आणि दुकानदाराकडे स्पीकरचा ओहमचा आलेख मागावा.