धर्मादाय रुग्णालयात तातडीचा रुग्ण: अनामत रक्कम, पात्रता आणि कागदपत्रं

हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, सर्पदंश, विषबाधा, बाळंतपणातला रक्तस्राव, अपघातात डोक्याला लागलेला मार. असा रुग्ण धर्मादाय रुग्णालयात, म्हणजे सार्वजनिक ट्रस्ट चालवत असलेल्या रुग्णालयात, पोहोचला की त्याला ताबडतोब दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे आणि प्रकृती स्थिर होईपर्यंत ते चालू ठेवायचे, हे रुग्णालयाला बंधनकारक आहे. त्यासाठी अनामत रक्कम मागता येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ककखाली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेत हे स्पष्ट म्हटलं आहे. ती १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे.

तातडीने दाखल होण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उत्पन्न बघायचं ते बिलाच्या वेळी. नातेवाईकांची गफलत इथेच होते: रेशनकार्ड घरी राहिलं म्हणून ते आणायला माणूस पाठवतात आणि तोवर रुग्ण कॅज्युअल्टीबाहेर थांबतो. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून एकाने रुग्णाजवळ थांबावं, दुसऱ्याने कागदांमागे लागावं. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा: त्रास किती वाजता सुरू झाला, कोणती औषधं चालू आहेत, रक्त पातळ करणारी गोळी घेतात का, कशाची अ‍ॅलर्जी आहे.

काउंटरवर पैसे मागितले तर वाद घालत बसू नका. "पेशंट इमर्जन्सी आहे, धर्मादाय योजनेखाली दाखल करा, वैद्यकीय समाजसेवकांना बोलवा," एवढंच म्हणा. सवलतीचे कागद बघणारे रुग्णालयातले कर्मचारी ते हेच. मागितलेली रक्कम आणि वेळ मात्र लिहून ठेवा.

बिलात सवलत कोणाला

धर्मादाय रुग्णालयाने एकूण खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखायच्या असतात. म्हणजे २०० खाटा असतील तर २० आणि २०. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल.

निर्धन रुग्णाचे उपचार पूर्ण मोफत. खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टरांची सेवा, नेहमीच्या तपासण्या यांचं बिलच होत नाही. औषधं, साहित्य, इम्प्लांट (शरीरात बसवायचे भाग) हे रुग्णालयाच्या खरेदी किमतीला धरून निर्धन रुग्ण निधीतून वळते करतात. रुग्णालयाने इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम या निधीत टाकायची असते. दुर्बल घटकातल्या रुग्णाला सवलतीचा दर लागतो, पण औषधं, साहित्य आणि इम्प्लांटच्या खर्चातला किमान निम्मा वाटा त्याला उचलावा लागतो. स्टेंट किंवा प्लेट बसणार असेल तर हा आकडा आधीच विचारून घ्या. डिस्चार्जच्या दिवशी धक्का बसतो तो बहुधा याचाच.

कागद फार नाहीत: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, किंवा रेशनकार्ड अथवा दारिद्र्यरेषेखालील कार्ड, सोबत रुग्णाचं आधार. वैद्यकीय समाजसेवक ते पडताळतात. अडतं ते असं: दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपलेली असते, रेशनकार्डात सुनेचं नाव चढलेलं नसतं, किंवा आधारवर एक नाव आणि कार्डावर दुसरं. दाखला नसेल तर त्याच दिवशी सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करा आणि पोचपावती समाजसेवकांना द्या. डिस्चार्जच्या दिवशी सवलत मागितली, तर बिल सर्वसाधारण वर्गात तयार झालेलं असतं आणि ते बदलून घेणं फार जिकिरीचं होतं. घाईत सही करण्याआधी दाखल फॉर्मवरचा 'वर्ग' हा रकाना वाचाच. तिथे खासगी खोलीवर खूण असेल, तर पुढे सवलतीचा मुद्दा मांडणं कठीण जातं.

जनआरोग्य योजना असेल तर

रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेशी, म्हणजे राज्याच्या मोफत उपचारांच्या योजनेशी, संलग्न असेल तर आधी आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला, गाठा. १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डधारकांसह सगळ्या कुटुंबांना वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. तातडीच्या रुग्णासाठी रुग्णालय फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करू शकतं. रेशनकार्ड आणि फोटो ओळखपत्र ७२ तासांत दिलं की झालं. हे ७२ तास सोडू नका. आरोग्यमित्र जागेवर नसेल तर १५५३८८ वर फोन लावा.

रस्ता अपघातासाठी केंद्राची वेगळी योजना ५ मे २०२५ पासून आहे: अपघाताच्या तारखेपासून ७ दिवस, १ लाख ५० हजारांपर्यंत कॅशलेस उपचार. जखमीला घेऊन येणाऱ्या वाटसरूला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४अ चं त्याला संरक्षण आहे.

"खाट नाही" म्हणाले तर

राखीव खाटा भरल्या असतील तरी प्रकृती स्थिर करण्याची जबाबदारी टळत नाही. त्यानंतर गरज पडल्यास सरकारी रुग्णालयात हलवण्याची सोय त्यांनीच करायची. निघताना रेफरल चिठ्ठी घ्या. तिच्यावर रक्तदाब, नाडी, दिलेली औषधं, त्यांचा डोस आणि वेळ हवी. ती नसली की पुढचे डॉक्टर तीच औषधं पुन्हा द्यायची की नाही यात अडकतात. रुग्णवाहिकेसाठी १०८, राज्यात ही सेवा २०१४ पासून मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो.

तक्रार जिल्ह्याच्या धर्मादाय सह आयुक्त किंवा उपायुक्त कार्यालयात, लेखी. रुग्णालयात पोहोचल्याची वेळ, कोणत्या काउंटरवर काय सांगितलं, मागितलेली रक्कम, अनामत भरली असल्यास पावती आणि केसपेपरची प्रत जोडा. त्या दिवशी किती राखीव खाटा शिल्लक दिसत होत्या ते धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर पाहून त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह लावा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊनच बाहेर पडा.