एकटा सल्लागार की सल्लागार संस्था? प्रादेशिक कृषी मानकांच्या प्रकल्पात फरक कुठे पडतो

नोव्हेंबर २००६ मध्ये आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेने ताजी फळं आणि भाज्यांच्या उत्पादनासाठी ‘आसियान गॅप’ (गॅप म्हणजे ‘गुड अ‍ॅग्रिकल्चरल प्रॅक्टिसेस’, उत्तम शेती पद्धती) हे मानक काढलं. आपल्याकडे गॅप म्हटलं की नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला ग्लोबलगॅप आठवतं. पण ते युरोपातल्या किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ मध्ये ‘युरेपगॅप’ नावाने सुरू केलेलं खासगी मानक, तर आसियान गॅप सरकारांनी मिळून ठरवलेलं. त्यात चार भाग आहेत: अन्नसुरक्षा, पर्यावरण, कामगारांचं आरोग्य आणि कल्याण, आणि मालाची प्रत. पैसा ऑस्ट्रेलियाच्या विकास सहकार्य कार्यक्रमातून आला. मलेशिया, थायलंड, सिंगापूर यांच्याकडे स्वतःच्या योजना आधीपासून होत्या, लाओस, कंबोडिया, म्यानमार बरेच मागे होते. या सगळ्यांना चालेल असा एक मसुदा तयार करायचा होता.

अशा प्रकल्पात दोन जातींची कामं एकमेकांत मिसळलेली असतात. एक, प्रत्येक देशाचे नियम कलमवार समोरासमोर ठेवून ‘इथे तुमचं आणि त्यांचं जमत नाही’ हे दाखवणं आणि मसुदा लिहिणं. दुसरं, तो मसुदा घेऊन देशोदेशी प्रशिक्षणं घेणं, पुस्तिका स्थानिक भाषांत आणणं, शेतावर चाचण्या घेणं. जाहिरातीत दोन्हींसाठी ‘सल्लागार पाहिजे’ एवढंच छापून येतं. मग अर्ज करणारा गोंधळतो, आणि बऱ्याचदा जाहिरात देणाऱ्या कार्यालयातही नेमकं काय विकत घ्यायचं आहे ते ठरलेलं नसतं. वैयक्तिक सल्लागार नेमताना आपण एका माणसाचं ज्ञान आणि निर्णयशक्ती घेतो. संस्था नेमताना काम तडीस नेण्याची हमी विकत घेतो, माणसं त्या जबाबदारीचा भाग म्हणून येतात. पुढचे सगळे फरक यातूनच निघतात.

नियमांची भाषा बघायला जागतिक बँकेची खरेदी नियमावली सोयीची आहे, कारण ती महाराष्ट्रातही चालते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे सगळे ज्याला पोकरा म्हणतात तो, आणि ‘स्मार्ट’ हे राज्याचे दोन्ही कृषी प्रकल्प बँकेच्या कर्जावर उभे आहेत. (‘मॅग्नेट’ या राज्याच्या आणखी एका कृषी प्रकल्पाला आशियाई विकास बँकेचं कर्ज आहे, तिची नियमावली वेगळी असली तरी विचार तोच.) बँक म्हणते, वैयक्तिक सल्लागार तेव्हा घ्या जेव्हा पथकाची गरज नाही, मागे कार्यालयाचं व्यावसायिक पाठबळ लागत नाही, आणि त्या व्यक्तीचा अनुभव आणि पात्रता हीच मुख्य गोष्ट आहे. याच्या जोडीला एक वाक्य आहे, ते प्रकल्प संचालकांनी टेबलाच्या काचेखाली ठेवावं असं मला वाटतं: व्यक्तींची संख्या वाढल्यामुळे समन्वय, प्रशासन किंवा सामूहिक जबाबदारी अवघड होणार असेल, तर संस्थाच नेमणं शहाणपणाचं.

निवड कशी होते

वैयक्तिक सल्लागाराची निवड सरळ असते. कार्यकक्षा, म्हणजे ज्याला सगळे टीओआर म्हणतात ती, प्रसिद्ध होते, सीव्ही येतात, पात्र उमेदवारांची तुलना होते, आणि पहिला आलेल्याशी मानधनाची बोलणी होतात. तांत्रिक प्रस्ताव सहसा लागत नाही. काही ठिकाणी मुलाखत होते.

संस्थेचा रस्ता लांब. आधी स्वारस्य अभिव्यक्ती, म्हणजे ईओआय. त्यातून पाच ते आठ संस्थांची निवडयादी. त्यांनाच आरएफपी, म्हणजे प्रस्ताव मागवणारा दस्तऐवज, जातो, आणि त्यांच्याकडून दोन बंद लिफाफे येतात, एक तांत्रिक आणि एक आर्थिक. आधी तांत्रिक उघडतात, किमान गुण न मिळालेल्यांचा आर्थिक लिफाफा तसाच परत जातो. इथे एक चूक वारंवार होते. ईओआयच्या टप्प्यावरच काही जण दर लिहून पाठवतात. त्या टप्प्यावर किमतीला काहीच किंमत नसते, तिथे फक्त अनुभव आणि क्षमता पाहतात.

गुण आणि किंमत एकत्र मोजण्याच्या पद्धतीला क्यूसीबीएस म्हणतात. तिचं गणित एकदा हाताने करून बघावं. समजा, अ संस्थेला तांत्रिक गुण ८८ आणि तिची किंमत ६० लाख. ब संस्थेला ८० गुण, किंमत ४५ लाख. सर्वांत कमी किमतीला १०० गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी, म्हणजे अ ला ७५. आता गुणवत्तेला ८० आणि किमतीला २० टक्के वजन दिलं, तर अ चे होतात ७०.४ अधिक १५, म्हणजे ८५.४. ब चे ६४ अधिक २०, म्हणजे ८४. अ जिंकली. तेच वजन ७०-३० केलं की अ ८४.१ वर येते आणि ब ८६ वर जाते. एकाही संस्थेने प्रस्तावात काना-मात्रेचा बदल केलेला नाही, तरी निकाल उलटला. म्हणून वजन किती ठेवायचं हा निर्णय बाबूंनी फाईलवर सहज टाकून द्यायचा नाही. मानकाचा मसुदा, जिथे एका चुकीच्या मर्यादेमुळे एखाद्या देशाचा माल अडू शकतो, तिथे गुणवत्तेचं पारडं जड असलं पाहिजे. आशियाई विकास बँक कित्येक कामांत ९०-१० ठेवते, ते उगाच नाही.

तांत्रिक गुणांतही सर्वांत मोठा वाटा बहुतेक वेळा प्रमुख तज्ज्ञांचा असतो, त्याखालोखाल कामाच्या पद्धतीचा. संस्थेच्या जुन्या अनुभवाला फार थोडे गुण असतात. लोकांना वाटतं मोठं नाव असलं की झालं, पण कागदावर मात्र माणसंच तोलली जातात. म्हणजे संस्था नेमतानाही आपण शेवटी सीव्हीच वाचत असतो. मग फरक उरला कुठे?

माणूस निघून गेला तर

फरक इथे. वैयक्तिक सल्लागार आजारी पडला, त्याला दुसरीकडे चांगलं काम मिळालं, किंवा घरची अडचण आली, की करार तिथेच थांबतो. पुन्हा जाहिरात, पुन्हा सीव्ही, आणि अर्धवट मसुदा ज्याच्या डोक्यात आहे तो माणूस गायब. संस्थेच्या बाबतीत बदली देणं ही तिची जबाबदारी. बँकेच्या प्रमाण करारात अट असते की बदली तज्ज्ञ तितकाच किंवा अधिक पात्र हवा, आणि त्याचा दर तितकाच किंवा कमी हवा.

कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात काही संस्था प्रस्तावात एका नामांकित निवृत्त कुलगुरूंचा सीव्ही लावतात, काम मिळवतात, आणि दोन महिन्यांनी ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ त्यांच्या जागी दुसरेच गृहस्थ येतात. नाव थोरल्याचं, काम धाकट्याचं. यावर उपाय एकच: करार करण्याआधीच्या बोलणीत प्रमुख तज्ज्ञ उपलब्ध आहेत का ते विचारणं, आणि बदलीचा प्रत्येक अर्ज मूळ सीव्हीच्या शेजारी ठेवून वाचणं. कंटाळवाणं काम आहे, पण ते केलं नाही तर संस्था नेमण्याचा अर्धा फायदा गेला.

वैयक्तिक सल्लागाराच्या बाबतीत हा धोका नाही. जो निवडला तोच येणार. मानकाच्या मसुद्यासाठी हे मोलाचं आहे, कारण आंबा किंवा अननसाच्या प्रतवारीबद्दल देशोदेशीच्या प्रतिनिधींशी बोलताना समोरच्याला त्या माणसावर विश्वास हवा असतो. दर बैठकीला चेहरा बदलला तर प्रतिनिधी आपला आक्षेप मनात ठेवतात आणि तो शेवटच्या दिवशी काढतात.

पैशाचा हिशेब

वैयक्तिक सल्लागार स्वस्त वाटतो. त्याचा दर म्हणजे त्याचं मानधन, वर प्रवास आणि दैनिक भत्ता. संस्थेच्या दरात मूळ पगार, सामाजिक सुरक्षेचे खर्च, कार्यालयीन खर्च आणि नफा असे थर असतात. आकडे शेजारी ठेवले की कार्यालयाला वाटतं, मधल्या थरांचे पैसे वाचवू. पण संस्थेच्या कार्यालयीन खर्चात दडलेली कामं नाहीशी होत नाहीत. कार्यशाळेची जागा, दुभाषे, तिकिटं, छपाई, हिशेबाची कागदपत्रं हे सगळं मग प्रकल्प कार्यालयाच्या अंगावर येतं. तिथे आधीच दोन माणसं तीन माणसांचं काम करत असतात. हे सांभाळणारं कोणी असेल तरच वैयक्तिक सल्लागार खरोखर स्वस्त पडतो.

देयकाची पद्धतही वेगळी असते. संस्थेला बहुधा ठोक रक्कम, टप्प्याटप्प्याने, एकेक अहवाल मान्य झाल्यावर. वैयक्तिक सल्लागाराला कधी दिवसांवर, कधी टप्प्यांवर. मानकांच्या कामात टप्पे ठरवताना एक सापळा असतो. ‘मानक मंजूर झाल्यावर शेवटचा ३० टक्के हप्ता’ असं लिहिण्याचा मोह होतो. पण आसियानसारख्या ठिकाणी निर्णय सहमतीने होतो. एका देशाने बैठकीत मान डोलावली नाही की वर्ष निघून जातं. सल्लागार, एकटा असो वा संस्था, मसुदा देऊ शकतो, बैठकीत बाजू मांडू शकतो, दुरुस्त्या करू शकतो, पण सरकारांची सही आणू शकत नाही. हप्ता मसुद्याशी, सल्लामसलतीच्या अहवालाशी आणि दुरुस्त आवृत्तीशी बांधावा. नाहीतर चांगले लोक अर्जच करत नाहीत, आणि जे करतात ते ती जोखीम किमतीत घालतात.

सर्वांत जास्त दिसणारी चूक

संस्थेची कार्यकक्षा आणि एकट्याचा करार. ही गोष्ट इतकी सर्रास आहे की टीओआर वाचताना मी आधी क्रियापदं मोजतो. ‘तुलना करणे, मसुदा तयार करणे, सल्ला देणे’ इथपर्यंत एक माणूस ठीक. पुढे ‘सहा देशांत प्रशिक्षण आयोजित करणे, पुस्तिकांचे भाषांतर करून घेणे, माहितीसंच विकसित करणे, संकेतस्थळ अद्ययावत ठेवणे’ सुरू झालं, की समजावं की हा माणूस गुपचूप चार जणांना हाताखाली घेणार, त्यांचे पैसे स्वतःच्या मानधनातून देणार, आणि त्या चौघांची नावं कुठल्याच कागदावर नसणार. चूक झाली तर प्रकल्पाकडे त्यांच्याविरुद्ध काहीच नाही. विमा नाही, गोपनीयतेची अट नाही.

उलटी चूकही होते, पण तिचं नुकसान कमी. दोन महिन्यांच्या कलमवार तुलनेसाठी संस्था नेमली तर निवडीलाच कामापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि शेवटी काम एकच तज्ज्ञ करतो.

मधला मार्ग म्हणून काही प्रकल्प चार-पाच वैयक्तिक सल्लागार नेमतात आणि त्यातल्या एकाला ‘पथकप्रमुख’ म्हणतात. तो पथकप्रमुख बाकीच्यांना काहीच सांगू शकत नाही, कारण त्यांचे करार त्याच्याशी नाहीत, कार्यालयाशी आहेत. कीटकनाशक अवशेषांच्या भागाला उशीर झाला म्हणून मसुदा अडला, तर दोष कोणाचा? वर सांगितलेलं बँकेचं सामूहिक जबाबदारीचं वाक्य नेमकं यासाठीच आहे. दोन सल्लागारांपर्यंत हे निभतं, तिसरा आला की संस्थेचा विचार करावा.

मला स्वतःला पटलेली विभागणी अशी: मसुदा आणि देशोदेशीच्या अधिकाऱ्यांशी बोलणी यासाठी एक अनुभवी व्यक्ती, वेगळ्या करारावर. मग मानक ठरल्यावर प्रशिक्षण आणि चाचण्यांसाठी संस्था, वेगळ्या निविदेतून. दोन्ही एकत्र केली की प्रशिक्षणाच्या तारखा मसुद्यावर दबाव आणतात आणि न पिकलेला मसुदा शेतकऱ्यांपुढे जातो.

मात्र ही विभागणी केली तर हितसंबंधांचा प्रश्न येतो, आणि अर्ज करणाऱ्यांचं लक्ष इथे सहसा नसतं. दुसऱ्या टप्प्याचा टीओआर ज्याने लिहिला, तो त्या टप्प्याच्या स्पर्धेत उतरू शकत नाही, आणि ज्या संस्थेशी तो जोडलेला आहे तीही नाही. कृषी विद्यापीठांतून निवृत्त झालेले बरेच प्राध्यापक आणि कृषी विभागातले माजी अधिकारी अशा कामांकडे वळतात. त्यांनी पहिलं छोटं काम स्वीकारण्याआधी पुढचं मोठं काम बंद होतं आहे का ते विचारून घ्यावं. नोकरीत असलेल्या सरकारी अधिकाऱ्याला तर सल्लागार म्हणून सहज जाता येत नाही. निवृत्ती, राजीनामा किंवा बिनपगारी रजा यांपैकी काहीतरी असावं लागतं, आणि ज्या कार्यालयात होतो तिथेच लगेच परत सल्लागार होणंही चालत नाही.

सीव्ही संस्थेला देताना त्यावर आपली सही जाते, म्हणजे आपण उपलब्ध आहोत असं आपण लिहून देतो. एकाच कामासाठी दोन संस्थांच्या प्रस्तावांत आपलं नाव चालेल की नाही हे आरएफपीच्या डेटा शीटमध्ये, म्हणजे त्या कामापुरत्या अटींच्या तक्त्यात, असतं. तिथे परवानगी लिहिलेली नसेल तर दुसऱ्या संस्थेला नकार कळवावा, तोही ईमेलवर. फोनवरच्या नकाराचा पुरावा उरत नाही, आणि तोवर आपला सीव्ही तांत्रिक लिफाफ्यात बंद झालेला असू शकतो.