नागपूर करार ते विकास मंडळे: विदर्भाच्या निधीवाटपाची पार्श्वभूमी

दर डिसेंबरमध्ये नागपुरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या मागण्या, मांडल्या जातात आणि विदर्भाच्या वाट्याला नेमके काय आले, हा प्रश्न पुन्हा विचारला जातो. या प्रश्नाची पाळेमुळे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्याही आधीची आहेत.

१९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. मराठी भाषकांच्या एका राज्यात सामील व्हायचे तर ही राजधानी सोडावी लागणार होती. म्हणून २८ सप्टेंबर १९५३ रोजी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रातील नेत्यांनी ज्या नागपूर करारावर सह्या केल्या, त्यात खर्चाचे सूत्र स्पष्ट लिहिले गेले: तिन्ही विभागांना लोकसंख्येच्या प्रमाणात निधी द्यावा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष पुरवावे आणि याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा. शासनाने वर्षातील ठरावीक काळ नागपुरात यावे आणि किमान एक अधिवेशन येथे घ्यावे, हेही त्याच करारातले कलम आहे. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली होती. ती बाजूला ठेवून विदर्भ आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला, तो या कराराच्या भरवशावर.

परंतु करार म्हणजे कायदा नव्हे. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३७१ (२) आले आणि तीन विभागांसाठी स्वतंत्र विकास मंडळे नेमण्याची व निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राष्ट्रपतींच्या आदेशाने राज्यपालांवर सोपवण्याची सोय झाली. लोकसंख्येचे प्रमाण मात्र घटनेत आले नाही. त्याच्या जागी ‘न्याय्य’ वाटप आले, तेही संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन राहून. माझ्या मते पुढच्या बहुतेक वादांचे मूळ येथे आहे, कारण न्याय्य किती हे मोजायचे कसे, याचे उत्तर घटनेने दिले नाही. शिवाय हे कलम प्रत्यक्षात वापरले जाण्यास ३८ वर्षे लागली.

मोजमापाचा पहिला गंभीर प्रयत्न अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये नेमलेल्या समितीने केला. समितीने जिल्हा हे एकक धरले. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढली आणि एखादा जिल्हा तिच्याखाली जेवढा असेल, ती उणीव भरून काढण्यास लागणारी रक्कम म्हणजे त्या जिल्ह्याचा अनुशेष, असे ठरवले. १९८४ च्या अहवालानुसार राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये होता आणि त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. उर्वरित महाराष्ट्राचा वाटाही ३७ टक्क्यांच्या आसपास होता, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही, पण ते सांगायला हवे. कोकणातील किंवा दुष्काळी पट्ट्यातील जिल्ह्याची उणीवही तितकीच खरी असते.

पैसे दिले गेले, तरी अंतर मिटले नाही. पुढे गेलेले जिल्हे आणखी पुढे जात राहिले की सरासरी वर चढते, आणि कामे रेंगाळली की त्यांचा खर्च वाढतो. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द प्रकल्पाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता; १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या या धरणाचा सुधारित खर्च पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. १९९४ मध्ये विकास मंडळे अखेर स्थापन झाली आणि त्यानंतर नेमलेल्या निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ रोजीचा अनुशेष काढला, तेव्हा तो सुमारे १४ हजार कोटींवर गेलेला होता आणि त्यातला जवळपास निम्मा विदर्भाचा होता.

राज्यपालांनी २००१ पासून दिलेल्या निर्देशांमुळे हा अनुशेष भरण्यासाठी दरवर्षी रक्कम ठरू लागली. ही मंडळांच्या काळातील सर्वांत मोलाची गोष्ट, कारण तोवर निव्वळ मंत्रिमंडळाच्या इच्छेवर असलेली बाब घटनात्मक बंधनाच्या कक्षेत आली. तिची मर्यादाही लवकरच दिसली. १९९४ ही तारीख गोठवली गेल्यामुळे नंतर पडलेली दरी हिशेबाबाहेर राहिली. आणि आर्थिक अनुशेष भरल्याची नोंद झाल्यावरही अमरावती, अकोला, वाशिम व बुलढाणा या जिल्ह्यांत सिंचनाचा भौतिक अनुशेष, म्हणजे प्रत्यक्ष ओलिताखाली आणायच्या क्षेत्राची उणीव, शिल्लक राहिला. निधी मंजूर होणे आणि शेतात पाणी पोहोचणे यांच्यामध्ये भूसंपादन, वनजमिनीची परवानगी आणि अर्धवट कालवे उभे असतात.

प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणाऱ्या विजय केळकर समितीने २०१३ मध्ये दिलेला अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये नागपूरच्याच अधिवेशनात मांडला गेला. ३० एप्रिल २०२० रोजी तिन्ही मंडळांची मुदत संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती पुन्हा स्थापण्याचा निर्णय घेतला, परंतु त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो आणि तो केंद्राच्या संमतीचा विषय आहे. दरम्यान नागपुरात मांडल्या जाणाऱ्या पुरवणी मागण्या विभागीय नसून खातेनिहाय असतात. त्यामुळे सिव्हिल लाइन्समधील विधानभवनात मंजूर होणाऱ्या रकमेतून विदर्भाला किती मिळणार, हे या मागण्यांच्या पुस्तिकेवरून थेट वाचता येत नाही. त्यासाठी १९५३ च्या करारात लिहिलेला तो विभागवार वार्षिक अहवालच लागेल.