मोटर ड्रायव्हर व नियंत्रक बोर्ड

मोटर ड्रायव्हर व नियंत्रक बोर्ड : हौसेने बनवलेल्या रोबोटात निर्णय घेणारा भाग आणि चाके फिरवणारा भाग यांना जोडणारी इलेक्ट्रॉनिक जोडगोळी. नियंत्रक बोर्डावरचा मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधला छोटा संगणक) सेन्सर वाचतो आणि कोणती मोटर कोणत्या दिशेला, किती वेगाने फिरवायची ते ठरवतो. ड्रायव्हर त्याचे दुबळे संकेत घेऊन बॅटरीतला जड प्रवाह मोटरमध्ये सोडतो. काही बोर्डांवर दोन्ही एकत्रच असतात, तरी कामे वेगळीच राहतात.

मोटर थेट मायक्रोकंट्रोलरला का जोडत नाहीत, याचे एक उत्तर आकड्यांत आहे. आर्डुइनो उनो या नियंत्रक बोर्डाच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेणे सुरक्षित, ४० ही कमाल मर्यादा. खेळण्यातली साधी गिअर मोटरही भार नसताना शंभर मिलिअँपिअरच्या पुढे प्रवाह ओढते आणि अडकली की अँपिअरच्या घरात जाते. दुसरे कारण मोटरच्या वेटोळ्यात दडलेले आहे. वेटोळ्यातला प्रवाह अचानक तोडला की ते त्या बदलाला विरोध करते आणि टोकांवर पुरवठ्याच्या कितीतरी पट व्होल्टेज उसळते. हा झटका पिनपर्यंत पोचला तर चिप जाते. म्हणून ड्रायव्हरमध्ये त्या प्रवाहाला वाट काढून देणारे डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारे भाग) असतात. एल२९३डी या जुन्या चिपमध्ये ते आतच आहेत. एल२९८ या दुसऱ्या ड्रायव्हर चिपमध्ये नाहीत, बोर्डावर बाहेरून बसवावे लागतात.

दिशा बदलणाऱ्या बहुतेक ड्रायव्हरांच्या पोटात इंग्रजी एच (H) अक्षराच्या आकाराचा एच-ब्रिज असतो : चार स्विच आणि मधल्या आडव्या दांडीच्या जागी मोटर. कर्णातले दोन स्विच लावले की मोटर एका बाजूला फिरते, दुसऱ्या कर्णातले लावले की उलटी. खालचे दोन्ही लावले तर मोटरची टोके आपसात जोडली जाऊन ती करकचून थांबते. चारही बंद ठेवले तर सावकाश घरंगळत थांबते. रेषेवरून धावणाऱ्या रोबोटाला वळणावर हा फरक चांगलाच जाणवतो. एकाच उभ्या बाजूचे वरचा-खालचा असे दोन्ही स्विच मात्र क्षणभरही एकत्र चालू राहता कामा नयेत, कारण मग बॅटरी सरळ शॉर्ट होते. तयार चिप याची काळजी स्वतः घेतात. सुट्या ट्रान्झिस्टरांचा ब्रिज बांधणाऱ्याला ती घ्यावी लागते.

वेगासाठी व्होल्टेज कमी न करता पुरवठा झपाट्याने चालू-बंद करतात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. चालू वेळेचा वाटा जितका जास्त, तितका वेग जास्त. उनोच्या बहुतेक पिनांवर ही वारंवारता सुमारे ४९० हर्ट्झ असते, म्हणून मोटर किणकिणते; ती २० किलोहर्ट्झच्या वर नेली की आवाज कानाच्या कक्षेबाहेर जातो.

ड्रायव्हर निवडताना नवखे लोक पाकिटावरचा मोठा आकडा पाहतात आणि तिथेच फसतात. एल२९८एनचा लाल बोर्ड याचा ठळक नमुना. चिप ४६ व्होल्टपर्यंत आणि दर ब्रिजमागे २ अँपिअर, हे खरे. पण तिच्यातले स्विच जुन्या बायपोलर ट्रान्झिस्टरांचे आहेत. १ अँपिअर वाहत असताना सुमारे २ व्होल्ट, कधी त्याहूनही जास्त, चिपमध्येच खर्ची पडतात. चार पेन्सिल सेलांच्या ६ व्होल्टांतून मोटरपर्यंत जेमतेम ४ पोचतात. उरलेल्यांची काळ्या हीटसिंकवर उष्णता होते. टीबी६६१२एफएनजी या दुसऱ्या ड्रायव्हर चिपमध्ये मॉस्फेट, म्हणजे कमी व्होल्टेज खाणारे ट्रान्झिस्टर, आहेत. त्याच प्रवाहाला तिथे साधारण अर्धाच व्होल्ट जातो. मात्र तिची मोटर-पुरवठ्याची मर्यादा १५ व्होल्ट आणि सततचा प्रवाह १.२ अँपिअर. लहान रोबोटासाठी दुसरीच घ्यावी. पहिली टिकून आहे ती मुख्यतः सवयीने आणि धसमुसळेपणा सोसण्याच्या गुणाने.

हिशेब धरायचा तो मोटर अडकल्यावरच्या प्रवाहाचा. फिरणारी मोटर स्वतःच उलट व्होल्टेज निर्माण करून प्रवाह रोखते. थांबलेली मोटर म्हणजे नुसते तारेचे वेटोळे. मल्टिमीटरने तिचा रोध ५ ओहम आला आणि बॅटरी ६ व्होल्टची असेल, तर अडकल्यावर १.२ अँपिअर वाहणार. सुरू होण्याच्या क्षणीही मोटर याच स्थितीत असते.

इतर मोटरांचे तंत्र निराळे. स्टेपरला, म्हणजे ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरला, एका फेऱ्यात बहुधा २०० पावले असतात. ए४९८८सारखा ड्रायव्हर एका पावलाचे १६ भाग पाडतो आणि प्रवाह बोर्डावरच्या बारीक स्क्रूने ठरवून दिलेल्या मर्यादेत ठेवतो. वीज चालू असताना स्टेपरची वायर उपसली तर हा ड्रायव्हर बहुधा जळतोच. हौशी सर्वोत, म्हणजे सांगितलेल्या कोनात जाऊन थांबणाऱ्या मोटरीत, ड्रायव्हर आतच असतो. त्याला दर २० मिलिसेकंदांना १ ते २ मिलिसेकंदांची पल्स (विजेचा छोटा ठोका) पुरते. ब्रशलेस मोटरला तीन तारा असतात आणि तिला सहा मॉस्फेटांचा वेगनियंत्रक लागतो.

नियंत्रक बोर्डांत आर्डुइनो (२००५, इव्हरिया, इटली) अजूनही पहिली शाळा मानली जाते. उनोवरचा एटीमेगा३२८पी १६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि त्याची रॅम अवघी २ किलोबाइट, तरी दोन मोटरा व काही सेन्सर तो आरामात सांभाळतो. त्याची एक खोड मात्र अनेकांना तासन्‌तास छळते : सर्वो लायब्ररी (सर्वो चालवण्याचा तयार कोड) वापरली की ९ आणि १० क्रमांकांच्या पिनांवरचे पीडब्ल्यूएम बंद पडते. ईएसपी३२ या दुसऱ्या नियंत्रकात वायफाय आणि ब्लूटूथ आहेत. ईएसपी३२ व २०२१चा रास्पबेरी पाय पिको, दोन्ही ३.३ व्होल्टवर चालतात, त्यामुळे ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडणे त्यांना घातक. मूळचा रास्पबेरी पाय हा छोटा संगणकच, तो लिनक्स चालवतो. कॅमेऱ्यासाठी उत्तम, पण काटेकोर पल्स देण्याची त्याला खात्री नसते. म्हणून चित्र पाहायला रास्पबेरी पाय आणि चाके सांभाळायला छोटा मायक्रोकंट्रोलर, अशी वाटणी रूढ आहे. एकाच जातीच्या दोन मोटराही सारख्या पीडब्ल्यूएमवर सारख्या धावत नाहीत. रोबोट सरळ जायला हवा असेल तर चाकांवर एन्कोडर लावून फेऱ्या मोजाव्या लागतात.

कोडवर ढकलले जाणारे बरेच दोष खरे तर वायरिंगचे असतात. मोटरची बॅटरी वेगळी असली तरी तिचे ग्राउंड (ऋण टोक) नियंत्रकाच्या ग्राउंडला जोडलेले हवे, नाहीतर ड्रायव्हरला संकेत कशाच्या तुलनेत मोजायचा ते कळत नाही. चाके सुटताच बोर्ड रीसेट होत असेल तर मोटरने पुरवठ्याचे व्होल्टेज खाली ओढले आहे. मोठा कपॅसिटर किंवा स्वतंत्र पुरवठा हा त्यावरचा उपाय. मोटरच्या आतल्या ब्रशांच्या (फिरत्या भागाला वीज देणाऱ्या संपर्कांच्या) ठिणग्यांनी सेन्सर बावचळत असतील तर मोटरच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर डाखतात. आणि बटण दाबताच, प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच, रोबोट टेबलावरून उडी मारत असेल, तर नियंत्रकाच्या पिना त्या क्षणी अधांतरी असतात. ड्रायव्हरच्या इनपुटपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा रोधक टाकला की तो जागेवर उभा राहतो.