पवित्र लेकरं आणि २५ मिलिग्रॅम

साल १९६२. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात डोंगरावर वसलेल्या वाउत्ला गावातलं एक घर. रात्रीची वेळ. चटयांवर माणसं बसली आहेत, कोपलच्या धुपाचा वास दाटला आहे. मधोमध मारिया साबिना, मासातेक जमातीची साठी ओलांडलेली वैदू. समोर स्वित्झर्लंडहून आलेला रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमान. अशा रात्री मारिया एरवी अळंब्या वाटायची, जोडीजोडीने, धुरावरून फिरवून. त्या रात्री मात्र तिने वाटल्या त्या गोळ्या. बाझल शहरातल्या सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत घडवलेल्या.

अर्धा तास झाला तरी कुणालाच काही होईना. कुजबुज सुरू झाली, की या गोळ्यांत काही दम नाही. हॉफमानने दुभाषी बाईंमार्फत समजावलं, की अळंबी चावून खाल्ली की तिचा थोडा अंश तोंडातूनच भिनू लागतो, गोळीला मात्र पोटात जाऊन विरघळावं लागतं. आणखी गोळ्या वाटल्या गेल्या. सगळे वाट बघत बसले.

त्या रात्रीचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी ही गोळी तिथवर पोचली कशी ते पाहू. आज जगातल्या मोठमोठ्या मनोरुग्ण-संशोधन केंद्रांत नैराश्यावर जे प्रयोग चालले आहेत, त्यांची वाट याच घरावरून जाते.

गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कच्या जे. पी. मॉर्गन बँकेचा उपाध्यक्ष. त्याची बायको वालेंतिना मूळची रशियन, पेशाने बालरोगतज्ज्ञ. १९२७ मध्ये लग्नानंतर दोघं डोंगरात फिरायला गेले असताना तिला रानात अळंब्या दिसल्या आणि ती हरखून त्या गोळा करायला धावली. नवऱ्याला धडकी भरली, की बायको आता विषबाधेने जाणार. एकाच वस्तूला एक जमात लाडाने उचलते आणि दुसरी तिच्यापासून चार हात लांब पळते, हे असं का? या प्रश्नाने दोघांना झपाटलं ते आयुष्यभर.

तसं पाहिलं तर अळंबी आणि देव यांचं नातं आपल्याला नवं नाही. गोव्यात आणि तळकोकणात वारुळाला सातेरी देवी मानून पुजतात. त्या वारुळात वाळवी बुरशीची शेती करते आणि पावसाळ्यात वारुळावर अळमी उगवते, ती याच शेतातली. गोवा विद्यापीठातले कवकशास्त्रज्ञ नंदकुमार कामत यांनी वारूळ, अळमी आणि देवी यांच्या या नात्याचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. आपल्या अळमीत नशा नाही, भाजी मात्र अप्रतिम होते. वॉसनने नंतर, १९६८ मध्ये, वेदांमधला सोम म्हणजे लाल टोपीची एक अळंबीच असाही दावा केला. तो काही सगळ्यांना पटला नाही. मलाही पटत नाही. पण माणूस चिवट होता एवढं खरं.

या चिवटपणाने तो १९५५च्या जूनमध्ये वाउत्लाला पोचला. तिथल्या नगरपालिकेच्या अधिकाऱ्याला गाठून त्याने मारिया साबिनाची ओळख काढली. मारियाने पुढे सांगितलं, की मागणारा सरकारी माणूस होता, त्याला नाही म्हणणं मला जमलं नाही. २९ जूनच्या रात्री वॉसन आणि त्याचा छायाचित्रकार मित्र यांच्या हातावर तिने प्रत्येकी सहा जोड्या अळंब्या ठेवल्या.

या रात्रीला तिथे ‘वेलादा’ म्हणतात, म्हणजे जागरण. आपल्याकडच्या जागरणाशी त्याचं नातं नुसतं नावापुरतं नाही. देव्हारा, धूप, फुलं, मेणबत्त्या, कोकोचा घोट आणि रात्रभर गाणं. अळंबी खाल्ल्यावर दिवे विझवतात. मग अंधारात वैदू गाते, टाळ्या वाजवते, ठेका धरते. मासातेक भाषा सुरांची. तीच अक्षरं वरच्या पट्टीत एक अर्थ देतात, खालच्या पट्टीत दुसरा. तिथले पुरुष तर नुसत्या शिट्ट्यांनी दरीपलीकडच्या माणसाशी बोलतात. मारियाच्या गाण्यात ओळीमागून ओळ ‘त्सो’ या शब्दावर येऊन थांबते. त्सो म्हणजे ‘म्हणे’. आपल्या कानाला लगेच ‘तुका म्हणे’ आठवेल. फरक इतकाच, की तुकोबा स्वतःचं नाव लावतात. इथे म्हणणारी मारिया नाही, अळंबी आहे. मारिया फक्त तिचं तोंड. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण मेक्सिकोत आज तिची गणना कवींमध्ये होते.

अळंब्यांना ती ‘पवित्र लेकरं’ म्हणायची. आणि ती त्यांना बोलवायची ते आजाऱ्यासाठी. वॉसन येण्यापूर्वी देव भेटावा म्हणून कुणी लेकरं खात नसे, माणूस बरा व्हावा म्हणून खात असत, हे तिने स्पष्ट सांगून ठेवलं आहे. पुढची सगळी गोष्ट या वाक्याभोवती फिरते असं मला वाटतं.

१३ मे १९५७ला वॉसनचा लेख ‘लाइफ’ या लाखो खपाच्या साप्ताहिकात झळकला. बाईचं आणि जमातीचं नाव त्याने बदललं होतं, फोटो मात्र छापले. त्याच महिन्यात वालेंतिनाचाही वेगळा लेख आला. या द्रव्याचा पुढे मनाच्या आजारांवर उपयोग होऊ शकेल, हे तिने तेव्हाच लिहिलं. दीड वर्षातच ती कर्करोगाने गेली. नवऱ्याचं नाव राहिलं. डॉक्टर असलेल्या बायकोने नेमकं सांगितलं होतं, ते बरेच जण विसरले.

मधल्या काळात अळंब्या पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाचे प्रमुख रोझे हेम यांच्याकडे गेल्या. त्यांनी त्या ओळखल्या, नावं दिली आणि त्यातली एक जात प्रयोगशाळेत वाढवून दाखवली. तिथून त्या बाझलला, हॉफमानच्या टेबलावर. प्राण्यांवरच्या चाचण्यांतून धड काही कळेना. म्हणून या गृहस्थाने ३२ वाळक्या अळंब्या मोजून, वजन २.४ ग्रॅम, स्वतःच खाल्ल्या. थोड्या वेळाने त्याला सगळीकडे मेक्सिकन नक्षी दिसू लागली आणि रक्तदाब तपासायला वाकलेले डॉक्टर चक्क बळी द्यायला आलेला अॅझ्टेक पुजारी वाटू लागले. १९५८ मध्ये त्याने त्यातलं द्रव्य वेगळं काढलं आणि नाव ठेवलं सिलोसायबिन. दरम्यान सीआयए या अमेरिकन गुप्तहेर संस्थेच्या पैशावर एक रसायनशास्त्रज्ञ १९५६ मध्ये वॉसनच्या तुकडीत घुसला होता, मन ताब्यात ठेवणारं औषध सापडतं का पाहायला. तो आजारी पडून, वैतागून परतला.

आता थोडं त्या अळंबीकडे जवळून पाहू. सिलोसायबे जातीच्या ताज्या अळंबीचा देठ चिमटीत दाबला, की काही मिनिटांत तिथे शाई सांडल्यासारखा निळा डाग पडतो. तो का पडतो, याचा उलगडा जर्मनीतल्या येना शहराच्या संशोधकांनी अलीकडे केला. पेशी फुटली, की एक एन्झाइम सिलोसायबिनवरचा फॉस्फेटचा तुकडा तोडतं. उरतो सिलोसिन. त्याचे रेणू हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने एकमेकांना जोडले जातात आणि निळे होतात. गंमत अशी, की आपण ती खाल्ली तर आपल्या शरीरातही पहिली पायरी हीच असते. फॉस्फेट तुटतो, सिलोसिन मोकळा होतो. हा सिलोसिन म्हणजे मेंदूत निरोप पोचवणाऱ्या आपल्याच सेरोटोनिनचा मावसभाऊ शोभावा असा रेणू. तो मेंदूत शिरून सेरोटोनिनच्या काही जागा बळकावतो.

कच्चा माल तर अगदीच घरगुती आहे. दूध-डाळीत सापडणारं ट्रिप्टोफॅन. येनाच्याच गटाने २०१७ मध्ये दाखवलं, की त्यापासून सिलोसायबिन बनवायला बुरशीला चार एन्झाइम पुरतात. पुढे त्यांची जनुकं बॅक्टेरियात घालून टाकीत सिलोसायबिन काढणंही जमलं. ही जनुकं बुरशीच्या एका घराण्यातून दुसऱ्या, लांबच्या घराण्यात उडी मारून गेल्याच्या खुणाही सापडल्या आहेत. अशा बुरशा बहुधा शेणावर आणि कुजक्या लाकडावर राहतात, जिथे त्यांना कुरतडणारे किडे भरपूर. त्या किड्यांची भूक मारायला किंवा डोकं भंजाळायला हे रसायन घडलं असावं, असा अंदाज आहे. २०२५ मध्ये आणखी एक नवल कळलं. अळंबीचं दुसरं एक कुळ हाच रेणू पूर्णपणे वेगळ्या एन्झाइमांनी बनवतं. म्हणजे निसर्गाने हा पदार्थ निदान दोनदा, स्वतंत्रपणे शोधला.

किड्यांसाठीचं हे हत्यार माणसाच्या दुःखावर कसं चालतं? आपण रिकामे बसलो, की मेंदूतलं एक जाळं जागं होतं. ‘मी’, ‘माझं’, ‘माझं कसं होणार’ ही चक्की तिथे फिरते. नैराश्यात माणूस तेच ते उगाळत बसतो, तेव्हा हे जाळं फार घट्ट झालेलं असतं असं मानतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०१२ मध्ये दाखवलं, की सिलोसायबिनने याच जाळ्याचा जोर उतरतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी २०२४ मध्ये सात जणांचे मेंदू पुन्हा पुन्हा स्कॅन केले. जाळ्यातला ताळमेळ काही तासांसाठी विस्कटला, आणि त्यातला एक धागा नंतर काही आठवडे सैलच राहिला. माणसं फक्त सात, हे लक्षात ठेवायचं.

आणि रुग्णांचं काय? २०१६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने जीवघेण्या कर्करोगाच्या ५१ रुग्णांवर प्रयोग केला. मरणाच्या भीतीने आणि नैराश्याने ग्रासलेल्या या माणसांपैकी सुमारे ८० टक्के सहा महिन्यांनंतरही सावरलेले दिसले. आकडा ऐकून हुरळायला होतं. मग २०२२चा मोठा प्रयोग पाहावा. इतर औषधांना दाद न देणारं नैराश्य, २३३ रुग्ण, एकच मात्रा. २५ मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी २९ टक्के तीन आठवड्यांनी नैराश्यातून बाहेर होते. नाममात्र १ मिलिग्रॅमवाले ८ टक्के. पण बारा आठवड्यांपर्यंत टिकून राहिलेली सुधारणा २५ मिलिग्रॅमच्या गटातही जेमतेम पाचातल्या एकात दिसली. शिवाय आत्महत्येचे विचार सगळ्याच गटांत काही जणांना आले. आणखी एक अडचण अशी, की कुणाला खरी मात्रा मिळाली हे लपतच नाही. समोरची भिंत श्वास घेऊ लागली, की रुग्णालाही कळतं आणि डॉक्टरलाही. मग आशेचा वाटा किती आणि रेणूचा किती, हे वेगळं कसं काढणार?

मला या प्रयोगांतली खोली बघायला आवडते. कोच, मंद दिवा, डोळ्यांवर पट्टी, कानात निवडून लावलेलं संगीत, आणि सहा-आठ तास जवळ बसलेले दोन प्रशिक्षित उपचारक. आधी भेटी, नंतर भेटी. म्हणजे अंधार आला, गाणं आलं, जाग आली आणि सोबतही आली. वेलादाच की! फक्त गाणं ध्वनिमुद्रित, आणि अळंबी खातो तो एकटा रुग्ण. वाउत्लात वैदूही खाते. इम्पीरियल कॉलेजच्याच एका अभ्यासात नैराश्याच्या १९ रुग्णांना विचारलं, संगीत कसं वाटलं? ज्यांच्या मनाला ते भिडलं त्यांचं नैराश्य आठवड्याने जास्त उतरलं होतं. औषध किती जोरात चढलं यावरून मात्र तसा अंदाज येत नव्हता. बरं, गाणं कोणतं? हॉपकिन्समध्ये पाश्चात्त्य अभिजात संगीताची परंपरा होती. तिथे सिगारेट सोडू पाहणाऱ्या दहा जणांवर ती आणि घंटा-वाडग्यांचे नाद यांची तुलना केली, तर ठळक फरक निघाला नाही.

इथे एक सूचना, कारण नेटवर भलतंच फिरतं. आपल्याकडे सिलोसायबिन १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतं. रानात सिलोसायबेसारखीच दिसणारी, यकृत निकामी करणारी विषारी अळंबीही असते. आणि स्वतःला किंवा घरच्यांना सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणारा आजार) किंवा बायपोलर (मनःस्थिती टोकाला झुलवणारा आजार) असेल, तर संशोधकसुद्धा अशा माणसाला सहसा प्रयोगात घेत नाहीत. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून परवानगी दिली तीही मोजक्या मानसोपचारतज्ज्ञांनाच.

वाउत्लाच्या वाट्याला काय आलं? लेख वाचून हिप्पींचे लोंढे आले, दिवसाढवळ्या, कसलंही पथ्य न पाळता लेकरं खाऊ लागले. शेवटी लष्कराला रस्ता अडवावा लागला. गावाने बोल लावला तो मारियाला. तिचं घर जाळलं गेलं, तिला तुरुंगही दिसला. परके आल्यापासून लेकरांची शक्ती गेली, असं ती म्हणे. १९८५ मध्ये ती गरिबीतच वारली. सिलोसायबिनच्या एका विशिष्ट स्फटिकाचं पेटंट आज एका कंपनीकडे आहे. त्यात मासातेकांचा वाटा नाही. आपल्याला हळदीचा किस्सा आठवेल. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये दिलं गेलं, आणि रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेने संस्कृत ग्रंथ आणि १९५३चा एक छापील लेख पुढे टाकून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. तिथे आपल्यापाशी कागद होता. मारियापाशी होतं ते रात्रीचं गाणं, आणि स्फटिक खरोखरच नवा असेल तर कागद असूनही पेटंट कार्यालयात काही चाललं नसतं.

तर ती १९६२ची रात्र. दुसऱ्या खेपेच्या गोळ्यांनंतर काही वेळाने लेकरं आली. मारिया गाऊ लागली आणि पहाटेपर्यंत गात राहिली. उजाडल्यावर तिने सांगितलं, की गोळीत तीच शक्ती आहे, काही फरक नाही. निघताना हॉफमानने तिला गोळ्यांची एक बाटली दिली. ती खूश झाली. आता पावसाळा सरून अळंब्या उगवेनाशा झाल्या, तरी आजारी माणसाला परत पाठवावं लागणार नाही, असं ती दुभाषी बाईंना म्हणाली.